हिमकणांचा उपासक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचे एक लहानसे डोंगराळ राज्य आहे. कॅनडाची सरहद्द तेथून जवळच असल्यामुळे तेथील हिवाळा मोठा दीर्घ आणि कडक असतो. नोव्हेंबर महिना लागला की डोंगरमाथे पांढरे होऊ लागतात आणि पुढे कित्येक महिने शेते, रस्ते, घरांची छपरे, सारे काही हिमाच्या जाड थराखाली झाकून जाते. ओढे गोठतात. गुरे गोठ्यात कोंडून ठेवावी लागतात. कधी कधी असे हिमवादळ सुटते की, घरातून गोठ्यापर्यंत जाणेही जिवावरचे होते. अशा दिवसांत बहुतेक माणसे शेगडीजवळ बसून वसंत ऋतूची वाट पाहतात. परंतु याच राज्यातील जेरिको या खेड्यात एक शेतकरी असा होऊन गेला की, जो वर्षभर हिवाळ्याची वाट पाहत असे. आकाश हिमाने भरून आले म्हणजे त्याला सणाचा आनंद होई. विल्सन बेंटली हे त्याचे नाव.

आपल्या महाराष्ट्रात हिम पडत नाही. वळवाच्या पावसात गारा पडतात, त्या आपण सर्वांनी वेचल्या आहेत. परंतु गार आणि हिम यांत मोठा फरक आहे. गार म्हणजे बर्फाचा टणक गोळा. हिम मात्र पिंजलेल्या कापसासारखे भुरभुरत खाली येते. दुरून पाहणाऱ्याला ती नुसती पांढरी भुकटी वाटते. त्या भुकटीच्या एकेका कणात केवढी कारागिरी भरलेली आहे, हे पाहण्यात आणि जगाला दाखविण्यात या शेतकऱ्याने आपले सारे आयुष्य वेचले.

विल्सनचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ रोजी, ऐन हिवाळ्यात झाला. वडील शेतकरी होते. घरी दुभत्या गाई होत्या. आई लग्नापूर्वी शाळेत शिक्षिका होती. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत विल्सनचे शिक्षण तिच्याच हाताखाली घरी झाले. तिच्या संग्रही ज्ञानकोशाचे अनेक खंड होते. ते त्या मुलाने अधाशासारखे वाचून काढले. त्याच्या वयाची मुले खेळात दंग असत, त्या वेळी हा पाण्याचे थेंब, दगडाचे तुकडे, पक्ष्याचे एखादे पीस असे काही ना काही निरखीत बसे. मुलाचा हा ओढा आईने ओळखला आणि त्याच्या पंधराव्या वाढदिवशी आपल्याजवळचे एक जुने सूक्ष्मदर्शक यंत्र त्याच्या हाती दिले.

त्या दिवसापासून विल्सनला जणू नवी दृष्टी लाभली. त्याने बाहेर पडणारे हिम यंत्राखाली ठेवून पाहिले आणि तो थक्क झाला. साध्या डोळ्यांना जो केवळ एक पांढरा ठिपका दिसत होता, तो एक रेखीव षट्कोनी स्फटिक होता. कोणाला सहा नाजूक पाकळ्या होत्या, कोणाला सहा शाखा आणि त्या शाखांना पुन्हा उपशाखा होत्या. एखाद्या निपुण सोनाराने महिनोन्महिने खपून घडवावा तसा तो अलंकार होता; पण त्याचे आयुष्य किती? यंत्रावर वाकलेल्या मुलाचा श्वास लागला की तो वितळे आणि मागे पाण्याचा एक बारीकसा डाग उरे.

याचे विल्सनला फार वाईट वाटे. एवढी सुंदर वस्तू जन्माला येते, क्षणभर दिसते आणि कायमची नाहीशी होते. तिचे कोणतेही स्मारक मागे राहत नाही. ते स्मारक आपण ठेवावे, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने पेन्सिल घेऊन हिमकणांची चित्रे काढण्यास आरंभ केला. शेकडो चित्रे काढली. परंतु आकृती पुरी होण्यापूर्वीच स्फटिक वितळून जाई. हाताचा वेग आणि हिमाचे आयुष्य यांचा मेळ बसेना. तेव्हा, छायाचित्रण यंत्र सूक्ष्मदर्शकाला जोडता आले तर हे काम साधेल, अशी कल्पना त्याला सुचली.

ही कल्पना चांगली होती, पण तिला पैसा हवा होता. त्या यंत्रसामग्रीची किंमत सुमारे शंभर डॉलर होती. त्या काळी एका शेतकरी कुटुंबाला ही रक्कम फार मोठी होती. वडील कष्टाळू आणि व्यवहारी गृहस्थ होते. मुलाने शेत सोडून हिमाच्या मागे लागावे, हे त्यांना पसंत नव्हते. परंतु आईने मुलाची बाजू घेतली आणि अखेर वडिलांनी पैसे दिले. विल्सन त्या वेळी सतरा वर्षांचा होता.

यंत्र आले, तरी यश आले नाही. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. काचेमागून काच वाया जात होती. कधी चित्र अंधुक येई, तर कधी त्यात काहीच उमटत नसे. शिकवायला जवळपास कोणी नव्हते. यंत्र एवढे लांबट होते की, एका टोकाला उभे राहून पाहताना दुसऱ्या टोकाची कळ फिरविण्यास हात पुरत नसे. म्हणून त्याने दोऱ्या आणि चाके बसवून स्वतःच एक युक्ती तयार केली. भिंगापुढील प्रकाशाचे छिद्र अगदी लहान ठेवले आणि काचेवर प्रकाश अधिक वेळ पडू दिला, तर चित्र रेखीव येते, हेही त्याला असेच अनेक प्रयोगांनी उमगले. शेवटी १५ जानेवारी १८८५ रोजी, हिम पडत असताना, त्याला एका हिमकणाचे पहिले स्पष्ट छायाचित्र मिळाले. त्या वेळी त्याला विसावे वर्ष लागलेले होते.

त्या पहिल्या चित्रानंतर बेंटलींनी एकूण सत्तेचाळीस हिवाळे हे काम केले. दोनच वर्षांनी वडील वारले आणि शेताचा भार ते व त्यांचे थोरले बंधू चार्ल्स यांच्यावर पडला. त्यामुळे त्यांची दिनचर्या शेतकऱ्याचीच राहिली. गाईंच्या धारा, गोठ्याची सफाई, वैरण, लाकूडफाटा ही कामे कोणालाही चुकत नाहीत, तशी ती त्यांनाही चुकली नाहीत. मात्र ही कामे करीत असताना त्यांचे एक लक्ष सदैव आकाशाकडे असे. वारा कोणत्या दिशेचा आहे, ढग कोणत्या जातीचे आहेत, थंडी किती आहे, याची नोंद ते आपल्या वहीत करीत. रात्री उत्तरेच्या आकाशात ध्रुवप्रकाशाचे रंगीत पडदे झळकले तर त्यांचीही नोंद होई. आणि हिम पडू लागले, की शक्य ते सर्व बाजूला ठेवून ते आपल्या प्रयोगशाळेकडे धाव घेत.

ही प्रयोगशाळा म्हणजे घराच्या मागील बाजूची एक थंडगार खोली होती. तेथे शेगडी नव्हती आणि ती असूनही चालली नसती. कारण खोलीतील प्रत्येक वस्तू बाहेरच्या हवेइतकीच थंड असणे आवश्यक होते. बेंटली दारात उभे राहून एक काळी फळी हिमवर्षावात धरीत. हाताची ऊब लागू नये म्हणून तिला तारेच्या मुठी लावलेल्या होत्या. काळ्या फळीवर पांढरे कण पडले की ते भिंगातून भराभर पाहत. मोडके, चिकटलेले कण पिसाने झाडून टाकीत. एखादा मनाजोगता स्फटिक सापडला, तर श्वास रोखून तो एका बारीक काडीच्या टोकाने अलगद उचलीत, काचपट्टीवर ठेवीत आणि पिसाच्या हलक्या स्पर्शाने सपाट बसवीत. मग यंत्राचे तोंड खिडकीच्या उजेडाकडे करून स्फटिकातून आरपार येणाऱ्या प्रकाशात त्याचे छायाचित्र घेत. हे सर्व फार थोड्या वेळात उरकावे लागे. उशीर झाला, तर कण वितळला नाही तरी त्याची वाफ होऊन त्याच्या कडा झिजू लागत. थंडीने बोटे बधिर होत. पण एक कण हुकला तर तो पुन्हा कधीही दिसणार नाही, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देत नसे.

हिमकण षट्कोनीच का असतो? अतिशय थंड ढगात, धुळीच्या एखाद्या अतिसूक्ष्म कणाभोवती पाण्याची वाफ गोठू लागते. गोठताना पाण्याचे रेणू एकमेकांशी विशिष्ट रीतीने जोडले जातात आणि त्या जोडणीतून सहा बाजूंची आकृती निर्माण होते. पुढे तो कण ढगातून खाली येत असताना कधी अधिक थंड, कधी कमी थंड, कधी दमट, तर कधी कोरड्या हवेतून जातो. प्रत्येक ठिकाणी त्याच्या वाढीची तऱ्हा बदलते. कोठे चपटी पाकळी तयार होते, कोठे शाखा फुटते. म्हणून हिमकणाच्या आकृतीत त्याच्या प्रवासाचा वृत्तान्त साठविलेला असतो. हे मर्म बेंटलींच्या ध्यानी आले होते. आपण केवळ सुंदर चित्रे जमवीत नसून, जेथे माणूस पोचू शकत नाही अशा उंच ढगांतील हवामानाच्या खुणा जमवीत आहोत, अशी त्यांची समजूत होती. म्हणूनच प्रत्येक चित्राबरोबर त्या वेळच्या हवेची नोंद ठेवण्याची त्यांनी दक्षता घेतली.

गावकऱ्यांना मात्र हे वेड वाटे. ज्या हिमाला फावड्याने दूर सारता सारता जीव मेटाकुटीस येतो, त्याची चित्रे काढण्यात काय अर्थ आहे, असे ते विचारीत. बेंटली अविवाहित होते. अंगाने लहानखुरे आणि स्वभावाने सौम्य असा हा मनुष्य थट्टेने कधी रागावला नाही. तो पियानो वाजवी आणि पशुपक्ष्यांच्या आवाजांच्या हुबेहूब नकला करी.

प्रसिद्धीची त्यांना घाई नव्हती. पहिल्या छायाचित्रानंतर तेरा वर्षे त्यांनी आपले काम निमूटपणे केले. १८९८ मध्ये व्हरमाँट विद्यापीठाचे प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्या साहाय्याने त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांचे लेख आणि चित्रे हवामानशास्त्राच्या नियतकालिकांतून येऊ लागली. १९०३ मध्ये त्यांनी पाचशे निवडक चित्रे वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेकडे पाठविली. आपले घर लाकडी आहे, एखाद्या आगीत सारे कष्ट भस्मसात होऊ नयेत, हा त्यामागील दूरदर्शी विचार होता.

कीर्तीबरोबर शंकाही आल्या. हिमकण पारदर्शक असल्यामुळे मूळ चित्रात तो आणि त्याची पार्श्वभूमी ही दोन्ही फिकटच दिसत. तो उठून दिसावा म्हणून बेंटली मूळ काचेची दुसरी प्रत तयार करीत आणि तिच्यावरील कणाभोवतीचा थर धारदार चाकूने खरवडून काढीत. मग छापलेल्या चित्रात कणाभोवती काळी पार्श्वभूमी येई. या कामाला कित्येक तास लागत. जर्मनीतील हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान यांनी या पद्धतीला हरकत घेतली; खरवडताना कणाच्या कडांचा मूळ आकार बिघडतो, असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्रात अशी शंका घेणे हा अपराध नव्हे. उलट ते कर्तव्यच आहे. बेंटली आपल्या पद्धतीवर ठाम राहिले. आपण केवळ पार्श्वभूमी दूर करतो, हिमकणाला हात लावीत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आज असे दिसते की, दोन्ही पक्षांत तथ्य होते. बेंटलींची चित्रे खऱ्याखुऱ्या हिमकणांचीच आहेत. परंतु त्यांनी अत्यंत रेखीव कणच प्रामुख्याने निवडले. प्रत्यक्षात आकाशातून पडणारे बहुतेक हिमकण ओबडधोबड किंवा मोडके असतात. हजारो चित्रांत एकसारखे दोन कण आपल्याला आढळले नाहीत, असेही बेंटली सांगत. शाखायुक्त मोठ्या कणांच्या बाबतीत आजचे शास्त्रज्ञही तसेच मानतात. मात्र अगदी लहान, साध्या षट्कोनी चकत्या एकमेकींसारख्या दिसू शकतात.

हिवाळा संपला म्हणजे बेंटलींचे निरीक्षण थांबे असे नाही. दव, धुके, हिवाळी काचांवर उमटणारी तुषाराची नक्षी आणि पावसाचे थेंब यांचाही त्यांनी अभ्यास केला. पावसाचा थेंब केवढा असतो, हे कसे मोजावे? तो तर जमिनीवर पडताच फुटतो. बेंटलींनी यासाठी स्वयंपाकघरातील पिठाचा उपयोग केला. एका उथळ थाळीत त्यांनी बारीक पिठाचा सुमारे इंचभर जाडीचा सैल थर पसरला आणि ती थाळी काही क्षण पावसात धरली. प्रत्येक थेंबाभोवती पिठाची एकेक गोळी तयार झाली. गोळ्या वाळल्यावर त्यांनी त्या मोजल्या. गोळीचे आणि थेंबाचे माप जुळते की नाही, हे पाहण्यासाठी ठाऊक आकाराचे थेंब उंचावरून पिठात पाडून खात्रीही करून घेतली. १८९८ ते १९०४ या काळात सुमारे सत्तर पावसांत त्यांनी अशी तीनशेहून अधिक मोजमापे घेतली. सर्वांत मोठे थेंब पाव इंचाच्या आसपास भरले. काही पाऊस उंचावरील हिम वितळून तयार होतो, तर काही पाऊस हिमाशिवायच तयार होतो, असे अनुमान त्यांनी त्यावरून काढले. ते बरोबर होते. परंतु एका शेतकऱ्याच्या या संशोधनाकडे पुढे अनेक वर्षे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९४३ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पावसाच्या थेंबांचे मोजमाप केले, तेव्हा त्यांनाही ही पिठाची रीतच उपयोगी पडली.

या साऱ्या उद्योगात बेंटलींना धन मिळाले नाही. आपल्या चित्रांच्या काचपट्ट्या ते शाळांना आणि महाविद्यालयांना अवघ्या पाच सेंटना देत. नक्षीकाम करणारे कारागीरही त्यांच्या चित्रांवरून नमुने घेत. कामापायी जेवढा खर्च झाला, त्याच्या मानाने मिळकत अगदी थोडी होती. मात्र त्यांचा उत्साह वयाबरोबर ओसरला नाही. १४ फेब्रुवारी १९२८ रोजी मोठे हिमवादळ झाले. त्या वेळी बेंटलींचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. त्या एका वादळात त्यांनी शंभरावर हिमकणांची छायाचित्रे घेतली. एवढी चित्रे त्यांना पूर्वी कोणत्याही एका वादळात मिळाली नव्हती.

१९३१ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांच्या आयुष्यभराच्या तपाचे फळ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या हवामान खात्यातील शास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांनी ग्रंथाचा शास्त्रीय भाग लिहिला आणि बेंटलींनी घेतलेल्या चित्रांपैकी चोवीसशेहून अधिक चित्रे त्यात छापली गेली. बेंटलींनी आपला ग्रंथ डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, डिसेंबरच्या आरंभी, ते हिमवर्षावातून सुमारे सहा मैल चालत घरी आले. त्या श्रमाने आणि थंडीने त्यांना न्यूमोनिया झाला. त्यांच्या हवामानाच्या वहीतील शेवटची नोंद ७ डिसेंबरची आहे. २३ डिसेंबर १९३१ रोजी, ज्या घरात त्यांनी आपले सारे काम केले, त्याच घरात त्यांनी देह ठेवला. बाहेर त्यांचा आवडता हिवाळा नुकताच सुरू झाला होता.

पाच हजारांहून अधिक हिमकण या माणसाने नाहीसे होण्यापूर्वी टिपून ठेवले. त्यांचा ग्रंथ दूर जपानमध्ये उकिचिरो नाकाया या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाच्या हाती पडला आणि त्याला नवी प्रेरणा मिळाली. होक्काइडो बेटावरील आपल्या थंड प्रयोगशाळेत नाकाया यांनी १९३६ मध्ये सशाच्या एका केसावर कृत्रिम हिमकण वाढवून दाखविला. कोणत्या तापमानाला आणि किती दमट हवेत कोणता आकार तयार होतो, हेही त्यांनी प्रयोगाने निश्चित केले. हिमकणाच्या आकृतीत ढगांतील हवामानाचा वृत्तान्त असतो, हे बेंटलींनी ताडले होते. तो वाचण्याची रीत नाकायांनी शोधून काढली.

बेंटलींपाशी मोठी पदवी नव्हती, संपत्ती नव्हती, की सुसज्ज प्रयोगशाळाही नव्हती. जे हिम सारा गाव पायांखाली तुडवीत होता, तेच त्यांनी एकाग्र दृष्टीने पाहिले आणि जे पाहिले ते नीट लिहून ठेवले. मुलांनो, हिम पाहण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागेल. परंतु पिठाची थाळी आणि मृगाचा पाऊस आपल्या दाराशीच आहे. यंदा पहिली सर आली म्हणजे ती थाळी क्षणभर पावसात धरा, वाळलेल्या गोळ्या मोजा आणि तो दिवस, ती वेळ व वाऱ्याची दिशा आपल्या वहीत टिपून ठेवा.